अनुभव लिहा : दारू सुटल्यावर आत काय बदललं, आणि कोणामुळे

नमस्कार मंडळी, बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं. दारू सोडावी कशी यावर माहिती भरपूर मिळते, पण सुटल्यावर आत काय होतं, देवाशी आणि स्वतःशी असलेलं नातं कसं बदलतं, आणि त्यात बाकीच्या माणसांचा किती हात असतो, हे फार कमी जण लिहितात. तुम्ही लिहा, घरच्यांनीही लिहा. नावगाव नको, आपल्या फेलोशिपमध्ये, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या गटात, ते विचारतच नाहीत.

माझं नववं वर्ष चालू आहे. पहिल्या मीटिंगला गेलो ते बायको खाली थांबली होती म्हणून, आणि मुद्दाम शेवटच्या खुर्चीवर बसलो, म्हणजे मधेच उठून जाता येईल. एक काका शेअरिंग करत होते, मुलीच्या फीचे पैसे कसे पिऊन टाकले ते सांगत होते, आवाज चढवला नाही की रडले नाहीत. मी आईच्या औषधाचे प्यायलो होतो. हे कुणालाच माहीत नव्हतं, देवापुढे हात जोडले तरी तेवढं वगळून बाकीचं सांगायचो. आणि समोर तसंच केलेला माणूस स्वच्छ दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला. तिथे काहीतरी सैल झालं आतून.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची सुरुवातही अशीच आहे, नवीन लोकांसाठी सांगतो. १९३५ साली बिल विल्सन कामासाठी अमेरिकेतल्या ॲक्रनला गेलेला, काम फसलं, हॉटेलच्या लॉबीत एकटा आणि बाजूच्या बारमधून आवाज येतायत. पिणं सोडून काही महिनेच झालेले. त्याने फोनाफोनी सुरू केली, कुणीतरी दुसरा दारुडा भेटावा म्हणून! त्यातून डॉ. बॉब स्मिथ भेटले, सर्जन माणूस, पंधरा मिनिटंच बसेन म्हणून आले आणि कितीतरी तास बोलत बसले. डॉक्टरांनी १० जून १९३५ ला शेवटचं घेतलं, तोच दिवस स्थापनेचा मानतात. बिलला स्वतःला सावरायला दुसऱ्याला सावरणं भाग होतं, आणि माझ्या मते बाराही पायऱ्यांचं, म्हणजे दारूतून सावरण्यासाठी आपण ज्या एकेक करून चढतो त्यांचं, मूळ तिथेच आहे.

*

दादा, मी दुसऱ्या बाजूची. ह्यांची अजून सुटलेली नाही, तरी लिहू ना?

मी अल-अनॉनला जाते, घरच्यांसाठी १९५१ पासून असलेली फेलोशिप. त्याआधी माझं सगळं आयुष्य म्हणजे बाटल्या शोधणं, पाकीट तपासणं, दार वाजलं की पावलांवरून अंदाज घेणं. प्रार्थना एकच, ह्यांची सुटू दे. ग्रुपमध्ये पहिल्याच दिवशी ऐकलं की हा आजार तू लावला नाहीस, तू आवरू शकत नाहीस आणि बरा करणंही तुझ्या हातात नाही. मला आधी रागच आला, मग एवढी वर्षं मी करत काय होते? हळूहळू कळलं की मी देवाचं काम अंगावर घेऊन बसले होते. आता मी हात जोडते तेव्हा ह्यांच्याबद्दल मागते, पण आधी मला आजच्या दिवसापुरती शांती दे म्हणते. रात्री झोप लागते. मुलं म्हणतात, आई तू परत गुणगुणायला लागलीस.

*

मी नास्तिक, अजूनही. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीला अडलो होतो. स्पॉन्सर, म्हणजे नव्याला साथ देणारा जुना सदस्य, म्हणाला, देव आपल्याला समजेल तसा, असंच म्हटलंय तिथे, तुला नाही ना समजत, मग तुझ्यापेक्षा मोठा म्हणून हा ग्रुप धर, तू एकट्याने किती दिवस राहिलास आणि आमच्यात किती ते मोज. मोजलं. गप्प बसलो.

एकदा रात्री दोनला इतकी तलफ आली की चप्पल घातली होती पायात, त्याला फोन केला. उपदेश नाही काही नाही, विचारलं, जेवलास का? कुणावर चिडलायस? आज कुणाशी बोललास? झोपलास कधी? भूक, राग, एकटेपणा, थकवा, चारही होतं. तो फोनवर तासभर थांबला. तुम्ही त्याला कृपा म्हणा, मला शब्द नाही सापडत, पण एवढं नक्की की ते माझं नव्हतं, मला मिळालेलं होतं.

*

सहा वर्षांनी स्लिप झाली माझी, परत प्यायलो. मला सगळं येतं असं वाटायला लागलं होतं, मीटिंगा सोडल्या होत्या. परत गेलो तर कुणी कारण विचारलं नाही, एकाने फक्त खुर्च्या लावायला हात दे म्हटलं. ते काम मी अजून करतो. नमणं म्हणजे काय ते मला खुर्च्यांनी शिकवलं.

*

आज अकरावा दिवस. मी बाई आहे. बायका असतात का तिथे? लाज वाटते.

*

असतात गं. मी आहे ना, चार वर्षं झाली. सोडायची इच्छा एवढीच अट आहे, पैसे लागत नाहीत. बाई पिते म्हटल्यावर लोक काय बोलतात ते मी सगळं ऐकलंय, त्या खोलीत तसं कुणी बघत नाही.

*

ताई, धागाकर्ता लिहितोय. हात थरथरणं, भास, झोप न लागणं असं काही अजून होत असेल तर आधी डॉक्टरकडे जा, रोज खूप पिणाऱ्याने एकदम थांबवलं तर जिवावर बेतू शकतं. मीटिंग आणि औषध दोन्ही चालतं.

*

डॉक्टरकडे जाऊन आले, आणि काल मीटिंगलाही. शेवटच्या खुर्चीवर बसले. काहीच बोलले नाही, नुसती रडले, शेजारच्या आजींनी हात धरून ठेवला संपेपर्यंत. निघताना म्हणाल्या, उद्या ये, मी जागा धरते. आज बारा... नाही, तेरा झाले.