बाबांची गाडी सेतूवर तरंगते, अलाइनमेंट तीनदा करून झालं

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वर्गणीच्या चर्चेत मध्येच घुसायला नको म्हणून वेगळी मेल लिहितेय.

आईबाबा दादरला असतात. बाबा ७१ वर्षांचे, गाडी २०१४ ची छोटी हॅचबॅक, पळालीय जेमतेम ४१,००० किलोमीटर. महिन्यातून एकदा दोघं अलिबागजवळच्या आमच्या घरी जातात. शहरात गाडी ठीक चालते. पण शिवडीहून अटल सेतूवर चढल्यावर काटा ८० च्या पुढे गेला, की ती तरंगल्यासारखी होते आणि स्टिअरिंग सारखं सावरावं लागतं. गेल्या पावसात चिर्ल्याला उतरताना वळणावर गाडीची मागची बाजू एकदम बाहेर सरकली. नशिबाने शेजारी कोणी नव्हतं. आईने हे मला आठवड्याने सांगितलं.

गॅरेजवाल्याने तीनदा अलाइनमेंट केलं, म्हणजे चाकांचा कोन जुळवला. आता म्हणतो, काकांचं वय झालं, सावकाश चालवायला सांगा. बाबा चाळीस वर्षं गाडी चालवताहेत, त्यांच्या हाताला काहीतरी कळतंय म्हणूनच ते तक्रार करताहेत. इथे सिंगापुरात बसून मी काय करू? कोणी जाणकार आहे का?

— दादरची लेक

---

ताई, शॉकअप (चाकांचे धक्के झेलणारे शॉक अॅब्झॉर्बर) गेले असणार. माझ्या भावाच्या गाडीला ठाण्यात हेच झालं होतं. चारही बदलून टाका, प्रश्न मिटेल.

---

पोरी, एवढ्यात काहीही बदलू नकोस. आधी टायर बघ.

मी परळला वर्कशॉपमध्ये पंचवीस वर्षं काढली आहेत. "गाडी नीट बसत नाही" म्हणून आलेल्या गाड्यांपैकी कितीतरी गाड्यांचा आजार चार टायरमध्येच सापडायचा, आणि टायर फुकटात तपासता येतात. बाबांना कागद-पेन्सिल घेऊन खाली पाठव. प्रत्येक टायरवर लिहिलेला साइज उतरवून घ्यायचा. शिवाय डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडी कोड असतो: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. तो बाहेरच्या बाजूला दिसला नाही तर आतल्या बाजूला असतो. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर कंपनीने दिलेला साइज आणि हवा असते, तेही लिहून आण. हवा सकाळी गाडी थंड असताना मोजायची.

मग तळव्याने टायरची नक्षी चाचपायची. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी, मधला पट्टा झिजला असेल तर हवा जास्त. एकच कड झिजली असेल तर चाकाचा कोन बिघडलाय. हाताला खड्डे-उंचवटे लागले, तर मात्र शॉकअपचा संशय घ्यायचा.

अलाइनमेंटबद्दल एक सांगतो, कारण त्यात लोकांचे पैसे फुकट जातात. बऱ्याच छोट्या हॅचबॅकना मागे दोन्ही चाकं जोडणारा एकसंध बीम असतो, तिथे जुळवण्यासारखं काही नसतंच. मशीनवर बदलतात तो पुढच्या चाकांचा टो, म्हणजे चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते. आणि लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा, रबरी बुश फाटला असेल, तर उभ्या गाडीचे आकडे अगदी बरोबर येतात, पण रस्त्यावर ब्रेक दाबला की चाक पुन्हा जागचं हलतं. म्हणून अलाइनमेंट सगळ्यात शेवटी करायचं.

— परळचा काका

---

काका, बाबांनी उतरवून आणलं.

पुढचे दोन: १८५/७० आर १४, कोड १२२४.
मागचे दोन: १६५/८० आर १४, कोड ०७१४.
स्टिकरवर: १६५/८० आर १४.

पुढचे झिजले म्हणून मागच्या वर्षी बदलले होते. दुकानदार म्हणाला, व्यास सारखाच, काही फरक पडत नाही. मागच्यांची नक्षी अजून चांगली आहे म्हणून ते ठेवले.

---

इथेच सापडलं.

दुकानदाराने व्यास खरा सांगितला, फरक जेमतेम पाच मिलिमीटरचा आहे. पण पकड व्यासावर ठरत नाही. साइजमधला पहिला आकडा म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी: पुढे १८५ चं रुंद, नवं, मऊ रबर, आणि मागे १६५ चं अरुंद, दहा वर्षांहून जुनं. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खुणेपर्यंत झिजली नाही म्हणजे टायर चांगला, असं नाही. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचं रबर न झिजताही लाकडासारखं होतं. बाबांना नख रुतवून बघायला सांग, पुढचा आणि मागचा लगेच वेगळा लागेल.

ओल्या वळणावर पुढची चाकं वळतात आणि मागची पकड सोडून सुटतात. पुढची चाकं घसरली तर माणूस आपोआप वेग कमी करतो आणि गाडी बहुधा सावरते. मागची सुटली तर एका क्षणात स्टिअरिंग उलट फिरवावं लागतं, आणि ते भल्याभल्यांना जमत नाही. म्हणून दोनच टायर नवे घ्यायचे असतील तर ते मागे बसवायचे, गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी असली तरीसुद्धा. आपल्याकडे नेमकं उलट करतात. तुझ्या बाबांच्या हाताला जे कळत होतं ते शंभर टक्के खरं होतं.

चारही टायर स्टिकरच्या साइजचे, एकाच नक्षीचे घ्या. पुढचे नवे आहेत म्हणून जीव तुटेल, पण तडजोड करू नका. तोवर सेतूवर जाऊ नका, आणि पावसात तर नाहीच.

टायर बसवताना गाडी लिफ्टवर असेलच, तेव्हा चाक वर-खाली धरून हलवायला सांग: खुळखुळलं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. डावी-उजवीकडे खुळखुळलं तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा सांधा. शॉकअपवर तेलाचा ओघळ आहे का तेही बघायला सांग. मुंबईत पेव्हर ब्लॉकवर आणि मेट्रोच्या खोदकामात सस्पेन्शनने काय सोसलंय, ते किलोमीटरच्या आकड्यात दिसत नाही.

— काका

---

काका, चारही बदलले. पुढचा डावा लोअर आर्मचा बुश फाटलेला निघाला, मागचा एक शॉकअप ओला होता. मागचे दोन्ही शॉकअप आणि तो बुश बदलून मगच अलाइनमेंट केलं. रविवारी बाबा सेतूवरून गेले, ९० वर गाडी सरळ रेषेत चालली म्हणाले. फोनवर त्यांचा आवाजच वेगळा होता.

पण पावसातलं वळण अजून बघायचंय, त्यांना तिथे हळूच जायला सांगितलंय.

---

छान केलंस. स्टेपनीचा कोड बघितला का?

---

आत्ता बघून घेतला. ०७१४. दहा वर्षांत डिकीतून कधी बाहेरच काढली नव्हती.

---

मग आजच बाबांना टायरवाल्याकडे पाठव.