पर्वरीत कुत्र्याला बरोबर घेऊन बसून खाता येईल अशी जागा सांगा ना (सासूबाई पण आहेत)

पेढ्याची_आई

नमस्कार मंडळी. ठाण्याहून गोव्यात पर्वरीला येऊन आठ महिने झाले, सुकूरच्या बाजूला फ्लॅट आहे. घरात मी, नवरा, सासूबाई आणि पेढा. पेढा म्हणजे आमचा देशी कुत्रा, तीन वर्षांचा, २२ किलो, रंगाने अगदी कंदी पेढा. अडचण अशी की ह्याला एकटं ठेवलं की दहाव्या मिनिटाला हा सूर लावतो आणि पंधराव्या मिनिटाला सोसायटीच्या ग्रुपवर वरच्या काकूंचा मेसेज, "कुणीतरी बघा हो त्याला". त्यामुळे आठ महिन्यांत आम्ही चौघं मिळून कुठे बाहेर जेवलेलोच नाही, एक जण कायम घरी राखणीला.

मागच्या रविवारी धीर करून एका ठिकाणी गेलो, नाव नको, इन्स्टावर मोठ्या अक्षरात पेट फ्रेंडली लिहिलंय, शेजारी पंजाचं चित्र पण आहे. दारातल्या पोऱ्याने पेढ्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला मॅडम हे छोट्या डॉगसाठी आहे. मग आत विचारून आला आणि आम्हाला बसवलं कुठे, तर पार मागे, हात धुवायच्या बेसिनला लागून, पलीकडे जनरेटर. जेवण आलं आणि लाईट गेली. जनरेटर धडधडायला लागल्यावर पेढा जो टेबलाखाली घुसला तो सासूबाईंच्या पायांवरूनच, त्यांच्या हातातली सोलकढी निम्मी साडीवर निम्मी पेढ्यावर. गपचूप बिल भरलं आणि घरी येऊन दहीभात खाल्ला.

तर कुणाला खरंच अनुभव असलेली जागा माहीत आहे का, पर्वरी, सुकूर, साळगाव, फार तर म्हापसा. बीचवरचे शॅक नकोत कारण सासूबाईंना वाळूत चालवत नाही आणि त्यांना पाठ असलेली खुर्ची लागते. सोमवार गुरुवार त्या शाकाहारी, बाकी दिवस सुरमई चालते (चालते कसली, लागते).

आल्तवाला

ताई, पहिलं म्हणजे हायवेला लागून असलेल्या जागा सोडूनच द्या. उड्डाणपुलाचं काम काढल्यापासून तिथे धूळ किती आणि गाडी लावायची कुठे हा प्रश्न, बाहेर टेबलं मांडणारे होते त्यांनी पण ती आत काचेमागे एसीत नेली, आणि एसीत कुत्रा कोणीच घेत नाही, त्यांचंही बरोबर आहे. तुम्ही ओ कोकेरो हॉटेलाची खूण धरा (तेच, जिथे १९८६ ला आपल्या मुंबई पोलिसातल्या झेंडेसाहेबांनी खुनी चार्ल्स शोभराजला धरला) आणि तिथून आतल्या रस्त्यांना लागा, चोगम रोडने सांगोल्डा साळगावकडे किंवा दुसऱ्या अंगाला तोर्डाकडे. जुन्या घरांची हॉटेलं केलीत अशा जागा शोधा, पुढे बाल्कांव (बसायची ओसरी), बाजूला आंब्याफणसाखाली पाचसहा टेबलं, खाली लाल चिरा नाहीतर नुसती माती. तिथे कुत्रा घेऊन गेलं तर कोणाच्या कपाळाला आठी पडत नाही. नियमाने अन्न बनतं हाताळतात तिथे प्राणी येता कामा नये, म्हणून जिथे किचन एकीकडे आणि अंगण दुसरीकडे असतं तिथल्या मालकाला हो म्हणायला सोपं जातं, एवढंच गणित आहे.

दुसरं, फोन करून जा आणि फोनवर "पेट फ्रेंडली आहे का" असं विचारूच नका. त्याला सगळे येस मॅडम म्हणतात. विचारायचं असं की "बावीस किलोचा देशी कुत्रा आहे, कुठच्या टेबलाला बसवाल?" ज्याच्याकडे टेबल आहे तो लगेच सांगतो की आंब्याखालचं देतो, सातच्या आधी या. ज्याच्याकडे नाही तो एक मिनिट थांबा म्हणतो आणि फोन कोणाकडे तरी देतो. फोन दुसऱ्याकडे गेला की ठेवून द्या.

आणि वेळ बघा. इकडची बरीचशी किचनं दुपारी तीनला बंद ती सातला उघडतात, ठाण्यासारखं पाच वाजता गेलो आणि थाळी मागितली असं होत नाही. आठनंतर शनिवार रविवार गाणी सुरू, स्पीकर नेमका झाडाला बांधलेला असतो. म्हणजे साडेसहा पावणेसातला जाऊन बसायचं, पहिली ऑर्डर तुमची, आठला घरी.

शुक्रवारचो_बाजार

आल्तवाल्याने सांगितलं ते सगळं बरोबर पण मुख्य गोष्ट राहिली. गोव्यात कुठल्याही हॉटेलात जा, तिथे आधीपासून दोन कुत्री असतातच. मालकाने पाळलेली नसतात, ती तिथली असतात, मालक बदलतात पण ती तशीच. तर पेट फ्रेंडली ही मालकाची कबुली झाली, त्या दोघांना कोणी विचारलेलं नसतं. माझ्याकडे डॅशुंड आहे आणि त्याची तीन भांडणं झालीत, तिन्ही पंजाची पाटी लावलेल्या ठिकाणी.

साळगावच्या बाजूला एक छोटं तावेर्न (गावातला दारूचा गुत्ता) होतं, आता बंद झालं, तिथल्या म्हाताऱ्याने मला शिकवलं ते सांगतो. तिथे एक थोराड काळी कुत्री होती, दारातच आडवी पडलेली, गिऱ्हाईक तिला ओलांडून आत जायचं. मी आमच्याला कडेवर घेऊन तिला ओलांडायला गेलो तर म्हातारा काउंटरवरून ओरडला, खाली ठेव त्याला, आणि भायर जा. मला वाटलं हाकलतोय. मग तोच बाहेर आला, म्हणाला आत दारात भेट नको घालूस, ते तिचं घर आहे, रस्त्यावर भेटव. गेटपासून वीसेक पावलांवर रस्त्याने आम्ही दोघं कुत्र्यांना घेऊन एकाच दिशेने चाललो, समोरासमोर नाही, बाजूबाजूने मधे अंतर ठेवून, त्याने तिला दोरीबिरी काही लावलेली नव्हती, ती आपली मागून येत होती. परत गेटला येईपर्यंत तिने आमच्याचा मागून वास घेतला, आमच्याने तिचा घेतला, संपलं. आत गेल्यावर ती परत दारात आडवी आणि आमचा टेबलाखाली. दहा मिनिटांचं काम. तेव्हापासून मी कुठेही गेलो की आधी नवरा बायकोतला एक जण आत जाऊन बघतो की तिथली किती आहेत, पिल्लंवाली कुत्री असली तर सरळ दुसरीकडे जातो.

पेढा नर आहे का? नसबंदी झालीय का? त्याने पण फरक पडतो.

नुस्तें_शीत

आम्ही आठवड्यातून एकदा कांदोळीला शॅकवरच जातो, मधल्या वारी, कोणी काही बोलत नाही. पण शॅक ऑक्टोबर ते मे, आणि बीचवरची कुत्री टोळीने असतात, तुमच्या सासूबाईंबरोबर नको हेच बरं.

गाडी काढायची तयारी असेल तर म्हापशाच्या पलीकडे अंजुणला आर्टजुना कॅफे आहे, झाडाखाली बसायचं, कुत्री घेऊन लोक येतात. मात्र जेवण कॅफेछाप, सुरमई विसरा.

दोन_लेकरांची_आई

रागावू नका पण दुसरी बाजू पण लिहिते. माझ्या धाकटीला चार वर्षांपूर्वी कुत्रा चावला, तेव्हापासून ती हॉटेलात कुत्रा दिसला की खुर्चीवर पाय वर घेऊन बसते आणि जेवत नाही. माझं कुत्र्यांशी वैर नाही, पण दोरी लांब सोडून मोबाईल बघत बसलेले लोक आणि "काही करत नाही तो" म्हणणारे लोक ह्यांच्याशी आहे. करत नाही हे तुम्हाला माहीत, तिला कसं कळणार. आणि एक, परवा एका ठिकाणी हॉटेलच्याच ताटलीत कुत्र्याला भात घातलेला बघितला, ती ताटली धुवून परत आमच्यासमोर येणार ना?

पेढ्याची_आई

नाही हो, रागावायचं काय त्यात, तुमचं अगदी खरं आहे. आम्ही त्याची स्टीलची वाटी घरूनच नेतो. कोपऱ्यातलं टेबल मागू, म्हणजे वाटेत येणार नाही कोणाच्या. आणि @शुक्रवारचो_बाजार हो नर आहे, नसबंदी झालीय, पण भांडणात पडत नाही, पळतो. म्हणजे आम्हाला घेऊन पळतो.

गोचीड_पुराण

मी पर्वरीतच राहतो, पंधरा वर्षांत तीन कुत्री झाली. जागांचं वरच्यांनी सांगितलं, मी खाण्याचं सांगतो कारण हॉटेलात घोटाळा तिथेच होतो. तुम्ही काही देत नाही, पण शेजारच्या टेबलावरचे प्रेमाने देतात. आपल्याकडच्या हॉटेलात जे जे वासाला चांगलं ते ते कुत्र्याला वाईट असं समजा. शागुती, रस आमलेट, चवरीस (गोव्याचं सॉसेज), सगळ्यात कांदा नाहीतर लसूण, दोन्हीने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि त्रास लगेच दिसत नाही, दोनचार दिवसांनी हिरड्या पांढऱ्या पडतात तेव्हा कळतं. शिजवलेलं कोंबडीचं हाड चावताना उभं चिरतं आणि घशात नाहीतर आतड्यात टोचतं. बेबिंकाचा (थराथरांचं गोड) तुकडा एखादा पोटात गेला तर फार काही बिघडत नाही पण मनुका घातलेला केक नको, चॉकलेट तर नकोच नको. मी काय करतो, हॉटेलात साधा उकड्या तांदळाचा भात मागवतो, मीठमसाला काही नाही, किंवा कोरडी पोई (इथला कोंड्याचा पाव). पोई त्यांना फार आवडते, आमचा तर संध्याकाळी पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा भोंपू ऐकला की गेटला नाक लावून उभा. रोज नाही हां, कधीतरी.

दुसरं, लसीचं कार्ड मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. गोव्यात २०१४ पासून मिशन रेबीजवाले जाळी घेऊन गल्लोगल्ली फिरून रस्त्यावरच्या कुत्र्यांना लस टोचतात, २०२१ ला राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झालं, म्हणून लोकांना वाटतं आता घरच्याला दर वर्षी कशाला. टोचायचीच. वर ज्या ताईंनी मुलीचं लिहिलंय तशा कोणी घाबरून विचारलं तर कार्ड दाखवता येतं, तोंडी "झालंय हो" म्हणण्यापेक्षा ते बरं. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून नेत असाल तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस पण विचारा डॉक्टरांना.

आणि आंब्याखालच्या टेबलावरून घरी आलात की आधी कानाच्या मागे, बोटांच्या मधे आणि शेपटीच्या बुडाशी गोचीड बघा. ते टेबल जेवढं छान दिसतं तेवढं तिथे जास्त. गोचीड तापाने माझा पहिला कुत्रा गेला, चार दिवस नुसता मलूल होता आणि आम्ही म्हणत होतो उन्हाने असेल.

मांडवीपार

सगळं पर्वरीतच का बघता, पणजीला या. मी आमच्या बाईसाहेबांना ॲक्टिव्हावर पुढे उभं करून नेतो. मांडवीवरच्या नव्या अटल सेतूवर दुचाकी सोडत नाहीत म्हणून जुन्या पुलावरून, वाऱ्यात कान उडवत, अर्धी पणजी हात करते.

गोचीड_पुराण

@मांडवीपार बाब, ते दिसायला छान, पण एक दिवस समोरून म्हैस येऊ दे मग बघू. सासूबाईंना कुठे बसवणार?

पेढ्याची_आई

मंडळी, जाऊन आलो! सविस्तर लिहिते कारण तुम्ही सगळ्यांनी एवढं सांगितलंत.

सहा ठिकाणी फोन केला, आल्तवाला दादांनी सांगितलेलंच वाक्य वापरून. चार ठिकाणी फोन दुसऱ्याकडे गेला. एक जण म्हणाला चालेल पण कुत्र्याचं वेगळं चार्ज. सहाव्या ठिकाणी एका बाईंनी उचलला, त्यांनी आधी विचारलं त्याला माणसं चालतात का. म्हटलं माणसं चालतात, जनरेटर नाही. त्या म्हणाल्या जनरेटर आहे पण मागे, तुम्ही पुढे बसा. जागेचं नाव त्यांनीच लिहू नका म्हटलंय, रविवारी आधीच गर्दी होते म्हणे, तोर्डाच्या वाटेला आहे एवढं सांगते, कोणाला हवं तर मेसेज करा.

मंगळवारी गेलो, पावणेसातला. मी आधी एकटी आत, तिथली दोन, एक तांबडी आणि एक तीन पायांचा म्हातारा. मग त्या बाईंना सांगून रस्त्यावर फेरी. तांबडी आली, वास घेतला, पेढ्याने लगेच जमिनीवर लोळण घेऊन पोट दाखवलं, इज्जतच घालवली. म्हातारा उठलाच नाही.

सासूबाईंना पाठवाली खुर्ची, तिसऱ्यांदा सांगायला लागलं नाही. सुरमई रवा फ्राय आणि किस्मूर (सुक्या सुंगटांची कोशिंबीर). पेढ्याला घरच्या वाटीत साधा भात. सगळं इतकं नीट चाललं होतं की नवऱ्याने पेढ्याची दोरी शेजारच्या मोकळ्या प्लास्टिकच्या खुर्चीला अडकवली, दोन मिनिटं, हात धुवून येतो म्हणून. तेवढ्यात रस्त्यावरून पोदेर भोंपू वाजवत गेला. पेढा उठला, खुर्ची त्याच्या मागे खडखडत निघाली, आणि स्वतःच्याच मागे खुर्ची लागलीय बघून तो जो सुटला तो अंगणाला दोन फेऱ्या मारून थेट सासूबाईंच्या मांडीत. बावीस किलो. तांबडी भुंकत मागे, म्हातारा तेवढ्यापुरता उठून बसला.

मला वाटलं आता उठायचं. सासूबाईंनी एका हाताने पेढ्याचा पट्टा धरला, दुसऱ्या हाताने ताट लांब सरकवलं आणि मला म्हणाल्या, अगं आधी माझी सुरमई बघ खाली पडली का.

नव्हती पडली. पुढच्या मंगळवारचं टेबल सांगून आलोय, आणि नवऱ्याने आता कमरेला बांधायचा पट्टा मागवलाय. घरी येऊन तीन गोचिडी निघाल्या, कानामागे दोन, बोटात एक.

आल्तवाला

ताई मेसेज केलाय, नाव पाठवा. आमची खुर्ची लोखंडी मागून घेतो.