मदत हवी आहे : जाड तंगुसाला न सरकणारा फासा कसा बांधावा?

सर्वांना नमस्कार. कोकणातल्या खाडीत जिताडा आणि तांबोशी हे मासे पकडण्यासाठी मी कृत्रिम आमिष वापरतो. गाठ आमिषाच्या कडीवर घट्ट बसली, तर जाड तंगुसाचा (गळाच्या दोरीचा) ताठपणा आमिषाला मोकळेपणी डोलू देत नाही. म्हणून ओढ बसल्यावरही न आवळणारा लहानसा फासा ठेवणे मला आवश्यक वाटते.

सध्या मी टोकापासून वीतभर अंतरावर सैल साधी गाठ मारतो, टोक कडीतून ओवतो, गाठीतून ते ज्या बाजूने बाहेर आले त्याच बाजूने परत आत घालतो, मग मुख्य तंगुसाभोवती वेढे देऊन पुन्हा गाठीतून काढतो आणि ओले करून हळूहळू आवळतो. पातळ तंगुसावर हे उत्तम जमते. परंतु ४० पौंडी (४० पौंड ताण सहन करणाऱ्या) फ्लुरोकार्बनच्या जाड तंगुसावर वेढे एकमेकांवर चढतात आणि फासा बोटभर लांब राहतो. जिताड्याच्या कल्ल्यांची धार पाहता पातळ तंगूस वापरणे मला पटत नाही.

जाडी वाढली की वेढे कमी करावेत, हे मान्य. पण ४० पौंडीला चार द्यावेत की तीन पुरतात? फाशाची लांबी साधी गाठ कडीजवळ सरकवून आधीच ठरवावी की आवळताना? अनुभवी मंडळींनी कृपया आवळण्यापूर्वीच्या गाठीचे जवळून घेतलेले छायाचित्रही द्यावे.