नागपूरला वापस यायचं की नाही? आलेले, न आलेले, येऊन परत गेलेले, सगळ्यांनी लिहा

मी २८ वर्षांची, घर त्रिमूर्तीनगरला, ७ वर्षांपासून पुण्यात. नागपूरच्या मिहानमधल्या (विमानतळाजवळची आयटी-उद्योगांची वसाहत) एका कंपनीची ऑफर हातात आहे, पगार आताच्यापेक्षा ३० टक्के कमी, आणि १० तारखेपर्यंत हो की नाही सांगायचं आहे. आई-बाबा दोघंच असतात घरी. मागच्या वर्षी बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी ४ दिवसांची सुट्टी काढून आले आणि पाचव्या दिवशी गाडीत बसले, नंतरचे दीड महिने शेजारच्या काकूंनी डबा दिला, बाबांना हात धरून चालवलं, आणि ते मला अजून लागून आहे. पुण्यातल्या मैत्रिणी म्हणतात वेडी आहेस का. इकडचे नातेवाईक म्हणतात येऊन जा नं बाई, आता तर मेट्रो आहे, एम्स आहे, समृद्धी आहे. दोघांचंही ऐकून माझं काहीच ठरत नाही. म्हणून ज्यांनी स्वतः हे केलंय किंवा विचार करून केलं नाही त्यांनी लिहा. 'आपलं नागपूर बेस्ट' किंवा 'काय ठेवलंय तिथं' असं एका ओळीचं नको, पैसे, घर, आई-बाबा, लग्न, उन्हाळा, जे घडलं ते सांगा.

मानेवाडा

मी २०२० च्या मार्चमध्ये लॅपटॉप आणि दोन टीशर्ट घेऊन घरी आलो होतो, तिथून २ वर्षं वर्क फ्रॉम होम चाललं, मग कंपनीनं ऑफिसला बोलावलं तेव्हा लक्षात आलं की मला जायचंच नाही. नागपुरातलीच नोकरी शोधली, १४ लाखांवरून १० वर आलो. आता हिशोब सांगतो. पुण्यात भाडं, मेस, गाडी, दर दोन महिन्यांनी नागपूरची चक्कर, दिवाळीत ट्रॅव्हल्सवाले मागतील ते पैसे, हे सगळं जाऊन जेवढे उरायचे जवळपास तेवढेच आताही उरतात, कारण घर स्वतःचं आहे. पगार कमी झाल्याचा त्रास मला झाला नाही. त्रास दुसराच आहे आणि तो कोणी सांगत नाही म्हणून लिहितो. पुण्यात एका मॅनेजरशी नाही पटलं तर हिंजवडी नाही तर खराडी आहे, महिनाभरात माणूस दुसरीकडे लागतो. इथं मिहानमध्ये टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस आणि अजून काही, त्यात तुझ्या स्किलचं काम किती जणांकडे आहे ते बोटावर मोजता येतं. मागच्या वर्षी मला बदलायची होती, ८ महिने लागले, आणि त्या ८ महिन्यांत सकाळी उठून तिथंच जायचं जीवावर यायला लागलं होतं. त्यामुळे ताई, ही ऑफर कशी आहे ते पाहशीलच, पण ही सुटली तर नागपुरात दुसरी कुठली, ते आजच एका कागदावर लिहून बघ, तीन नावं निघाली तर ये. आणि मेट्रोच्या भरवशावर असशील तर खापरी स्टेशनपासून कंपनीच्या गेटपर्यंत कसं जाणार ते आधी एकदा जाऊन बघ, मी शेवटी गाडीच काढतो.

नंदनवन, डायलिसिसवाली

माझ्या आईचं डायलिसिस आहे, आठवड्यातून ३ दिवस, एका वेळी ४ तास. बाबा नाहीत, बहीण लग्न होऊन बंगलोरला. मी मुंबईत होते, ३१ ची होते, पहिले ५ महिने रिमोट कंट्रोलनं चालवायचा प्रयत्न केला, एक मावशी ठेवली, ऑटोवाला ठरवला, रिपोर्ट व्हॉट्सॅपवर मागवायची. एक दिवस मावशी आल्या नाहीत आणि आई एकटी गेली आणि एकटी आली, आणि संध्याकाळी मला फोनवर म्हणाली की सगळं ठीक झालं. मग बहिणीकडून कळलं की उतरताना चक्कर येऊन ऑटोतच बसून राहिली होती अर्धा तास. मी त्याच आठवड्यात राजीनामा टाकला.

सोपं गेलं असं मी म्हणणार नाही. डायलिसिसच्या पेशंटला पाणी मोजून द्यावं लागतं, आईला दिवसाला एक लिटरच्या आत सांगितलंय, त्यात चहा आणि वरणसुद्धा आलं. आता हे नागपूरच्या मे महिन्यात करून बघा, बाहेर ४५, कूलर सुरू, घसा कोरडा, आणि आपली आई आपल्याकडे अर्धा कप पाणी मागून राहिली आणि आपण नाही म्हणतो. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही दोघी त्यावरून इतक्या भांडलो की दोन दिवस बोललो नाही. मग तिनंच मार्ग काढला, एका लहान बाटलीत दिवसभराचं पाणी सकाळी भरायचं आणि त्यातलंच थोडं बर्फाच्या ट्रेमध्ये, खडा चघळला की जास्त वेळ पुरतो. ती बाटली आता तीच सांभाळते, मी हात लावत नाही, आणि तेव्हापासून भांडण नाही. पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले योजनेत डायलिसिस होतं, ज्यांना माहीत नसेल त्यांनी रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा.

दुसरं, जे मुलींनी लिहायला पाहिजे. मी मुंबईत रात्री ११ च्या लोकलनं यायची. इथं ८ वाजता कोपऱ्यावर गेली तर 'कुठं चालली, कोणासोबत, कधी येशील'. माझं वय ३४ आहे. आई आजारी आहे म्हणून मी वर्षभर काही बोलले नाही, मग एकदा शांतपणे बसून सांगितलं की आई, मी तुझ्यासाठी आली आहे पण मी ११ वीतली पोट्टी नाही. तिला वाईट वाटलं. पण सांगितलं हे बरं केलं, आता ती विचारते ते जेवायला आहेस का एवढंच. ताई, तू येशील तर पहिल्याच महिन्यात बोलून घे, मी वर्ष घालवलं.

धरमपेठ, सध्या अंधेरी

मी येऊन परत गेलेला. व्हिडिओ एडिटर आहे. २०२१ मध्ये आलो, १४ महिने राहिलो. लग्नाचे व्हिडिओ, क्लासेसच्या जाहिराती, एका नेत्याचा वाढदिवस. लोक चांगले होते, पैसेही वेळेवर द्यायचे, पण मला जे शिकायचं होतं ते शिकवणारा माणूस माझ्या आजूबाजूला एकही नव्हता आणि रात्री घरी येऊन मी रिकामा व्हायचो. मुंबईचे फोन यायचे, उद्या सकाळी स्टुडिओत येशील का, आणि उद्या सकाळी मी ८०० किलोमीटर दूर. शेवटी दुरांतोचं तिकीट काढलं. आई स्टेशनवर आली नाही त्या दिवशी. पुढच्या वेळी घरी गेलो तेव्हा तिनं वडाभात केला होता, विषय कोणीच काढला नाही. काही कामं नागपुरात होतात, काही आज तरी होत नाहीत, आपलं कोणतं आहे हे आधी ओळखायला हवं होतं मी.

अंबाझरीच्या खालच्या बाजूचा

२३ सप्टेंबर २०२३. पहाटेचा फोन. मी बंगलोरला. अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला होता, नाग नदीचं पाणी कॉलनीत शिरलं आणि आमचं घर तळमजल्यावर. आई म्हणे फ्रिज तरंगून राहिला आहे, आणि फोन बंद. पुढचे ३ तास मी काय केलं मला आठवत नाही. वरच्या मजल्यावरच्या लोकांनी दोघांना वर घेतलं होतं. मी दुपारच्या विमानानं पोचलो तेव्हा पाणी उतरलेलं, घरभर चिखल, बाबांची पुस्तकं फुगून कपाटात अडकलेली, ओढली तर पानं हातात यायची.

त्या आठवड्यात मी ठरवलं होतं की बस, आता येऊन जायचं. बाबांना सांगितलं. ते गाळ काढत होते, काढता काढता म्हणाले, 'तू इथं असता तरी पाणी आलंच असतं.' मला तेव्हा राग आला. नंतर कळलं की ते मला सोडवून राहिले होते. मग मी त्यांना विचारलं तुम्हाला काय पाहिजे, तर दोघांचं एकच, तळमजला नको. मी वापस आलो नाही. घर भाड्यानं दिलं, त्यांच्यासाठी प्रतापनगरला दुसऱ्या मजल्यावर लिफ्टवाली जागा घेतली, आणि दर दोन महिन्यांनी १० दिवस तिथून काम करतो. पावसाळ्यात अजून रात्री उठून नागपूरचा पाऊस बघतो फोनवर. ते जाईल असं वाटत नाही.

(धागाकर्ती: हे वाचून मी आत्ता आईला विचारलं की तुम्हाला दोघांना काय पाहिजे. तिनं विचार करून सांगते म्हटलंय. आजवर मी हा प्रश्न विचारलाच नव्हता.)

काटोलवाला

नागपूर शहराचा नाही म्हणून लिहू की नको असं करून राहिलो होतो. मेकॅनिकल केलं, चाकणला ४ वर्षं क्वालिटीत होतो. घरी ४ एकर संत्रा, साडेचारशे झाडं. २०१९ ला बाबांना झटका आला, बगीचा पाहाले कोणी नाही, मी आलो. लोकाईले वाटते शेतीत येणं म्हणजे हिरवंगार, तसं काही नसते. अंबिया बहारासाठी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या फुलासाठी, डिसेंबरात पाणी तोडा, झाडाले ताण द्या, जानेवारीच्या शेवटी पाणी सोडलं की फूल येते, आणि तेव्हाच गारपीट झाली तर वर्ष गेलं. फूल टिकलं तर ऑगस्ट-सप्टेंबरात फळगळ. पहिल्याच वर्षी सकाळी बगीच्यात जावं तर झाडाखाली हिरव्या संत्र्याचा सडा, दिसते तेव्हा पोटात गोळा येते भाऊ. डिंक्यानं, म्हणजे खोडातून डिंक गळणाऱ्या रोगानं, माझी ४० झाडं गेली कारण मी पावसाळ्याआधी खोडाले बोर्डो पेस्ट लावली नव्हती, बाबा लावायचे, मले माहीतच नव्हतं. मग नागपूरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत जाऊ जाऊ शिकलो, तिथल्या लोकांनी बसवून सांगितलं. नागपुरी संत्र्याले २०१४ ला जीआय (भौगोलिक मानांकन) भेटला, पण व्यापारी अख्खा बगीचा झाडावरच उक्ता, एकाच रकमेत, मागते तेव्हा जीआय कोणी विचारत नाही. बांगलादेशनं आयात शुल्क वाढवलं तसा भाव पडला, तो मार मी स्वतः खाल्ला.

तरी चाकणला वापस जायचं मनात येत नाही. फक्त एक गोष्ट लपवत नाही, माझं वय ३२, स्थळं येतात आणि शेती करतो ऐकून थांबतात. एका ठिकाणी मुलीच्या वडिलांनी सरळ म्हटलं, चाकणला असता तर दिली असती. ते स्वतः शेतकरी. हे घरी सांगावं लागत नाही, आई माझ्या तोंडाकडे पाहून समजते, आणि मले त्याचंच जास्त वाईट वाटते.

माहेर नागपूर, सासर सांगली

सगळे लिहून राहिले 'वापस यायचं', मी विचार करते की लग्न झालेल्या मुलीचं वापस म्हणजे कुठं. आम्ही दोघं पुण्यात, दोघांचेही आई-बाबा साठीच्या पुढचे. गावी जाऊ असा विषय निघाला की घरात सगळ्यांसाठी गाव म्हणजे सांगली, हे ठरलेलंच असतं, कोणी वाईट हेतूनं नाही करत पण माझं नागपूर त्या यादीतच नसतं. मी एकुलती एक आहे. ऑगस्ट २०२५ पासून पुणे-नागपूर वंदे भारत सुरू झाली, सकाळी बसलं की १२ तासांत नागपूरचं अजनी स्टेशन, तेवढीच सोय. तान्ह्या पोळ्याला मुलाला घेऊन गेले, बाबांनी त्याच्यासाठी लाकडी बैल आणून, रंगवून, घुंगरू लावून ठेवला होता. मारबतीची (वाईट पळवून लावायला काढतात त्या पुतळ्यांची) मिरवणूक दाखवायला खांद्यावर बसवून महालात नेलं. ६६ वय आहे त्यांचं. ताई, तुझं लग्न झालं नसेल तर तू हा निर्णय एकटी घेऊ शकतेस, हे फार मोठं आहे, नंतर तो चार लोकांचा होतो.

इंदोरा

मी बँकेत, पुण्यातून बदली मागून आलो. कारण विचारलं की मी आई-बाबा सांगतो पण खरं कारण इथं लिहितो. पुण्यात ३ वर्षांत ४ वेळा रूम बदलली, आणि दर वेळी घर दाखवताना गोड बोलणारा माणूस आडनाव ऐकलं की म्हणायचा उद्या सांगतो. उद्या कधी आला नाही. एका ठिकाणी टोकन दिलेलं वापस केलं. मी कोणाशी भांडलो नाही, फक्त थकलो. माझे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होते, १४ वर्षांचे होते, बापाचा हात धरून. विजयादशमीला आमची अख्खी गल्ली बाहेरगावच्या लोकांसाठी जेवण बनवते, मी ती ३ वर्षं पुण्यातून व्हिडिओ कॉलवर पाहिली. आता भाजी चिरायला रात्री २ वाजता मीच असतो. प्रमोशन उशिरा होईल हे माहीत आहे. इथं मला माझं नाव पूर्ण सांगता येते.

ठाण्याहून

मी नाही आलो. ३६ वय, भाऊ नागपुरात आहे, तो सगळं पाहतो. मी पैसे पाठवतो. वरचं सगळं वाचून आज त्याला फोन केला, पैशांबद्दल नाही, नुसताच. अर्धा तास बोलला. डॉक्टरकडे, बँकेत, गॅसवाल्याकडे तो किती वेळा जातो ते मला माहीतच नव्हतं.

धागाकर्ती

सगळ्यांना उत्तर देते एकेक करून. मानेवाडावाले दादा, कागदावर तीन नावं लिहायला बसले, दोनच निघाली, तिसऱ्यासाठी उद्या एकीला फोन करते. नंदनवनवाल्या ताई, तुमच्याशी वेगळं बोलायचं आहे.

आईचं उत्तर आलं. म्हणे, 'बाबांना तू यावीस असं वाटते, ते म्हणणार नाहीत. मला तू रडत यावी असं नाही वाटत. शनिवारी ये, दोन दिवस राहा, मिहानपर्यंत आपण तिघं गाडीनं जाऊन पाहू किती लांब पडते ते.' शुक्रवार रात्रीचं तिकीट काढलंय.