मदत हवी आहे: डुकरापासून बनणारं हेपॅरिन, रुग्णाला आधी कसं सांगायचं?

नमस्कार. रायगड जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात अस्थिरोग वॉर्डात मी 11 वर्षं सिस्टर आहे. गेल्या आठवड्यापासून एक गोष्ट मनातून जात नाहीये.

खुब्याचं हाड मोडलेले एक चाचा होते, सत्तरीच्या पुढचे. पाचही वेळची नमाज कॉटवर पडूनच इशाऱ्याने पढायचे. ऑपरेशननंतर पायात गुठळी होऊ नये म्हणून रोज पोटावर एनॉक्सापॅरिनचं इंजेक्शन सुरू झालं. चार दिवस मीच दिलं. पाचव्या दिवशी मुलाने मोबाइल पुढे केला. "सिस्टर, हे डुकराच्या आतड्यापासून बनतं? खरंय का?"

खरंच आहे. हेपॅरिन हे रक्ताची गुठळी होऊ न देणारं औषध डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढतात आणि एनॉक्सापॅरिन त्यापासूनच होतं. मी हो म्हटलं. चाचा काहीच बोलले नाहीत. सदरा खाली ओढून त्यांनी पोट झाकून घेतलं, बस्स.

मग डॉक्टर सरांनी त्याऐवजी फोंडापॅरिनक्स लिहून दिलं. ते पूर्ण कृत्रिम, प्राण्याचा संबंध नाही. चाचांची किडनी चांगली होती म्हणून जमलं. पण राउंडला मला ऐकावं लागलं, "हे सगळं सांगत बसलो तर पेशंट औषधच घेणार नाही." मला ते पटलेलं नाही. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर चाचांची सही होती, त्यात या इंजेक्शनाबद्दल एक अक्षर नव्हतं.

धर्म आडवा येतो असंही नाही. सूरह अल-बकराच्या 173व्या आयतीत डुकराचं मांस निषिद्ध आहे, आणि तिथेच नाइलाज झालेल्यावर पाप नाही असंही म्हटलंय. ज्यू धर्मातही जीव वाचवण्यापुढे (ते 'पिकुआख नेफेश' म्हणतात) जवळजवळ सगळे नियम बाजूला होतात, शिवाय मनाई खाण्याची आहे, म्हणून इंजेक्शनाला सहसा हरकत घेत नाहीत. पण दुसरं औषध कपाटात असताना नाइलाज कसला? तो आहे की नाही हे चाचांनी ठरवायचं होतं, आणि आम्ही त्यांना कळूच दिलं नाही.

न विचारल्याची चूक माझ्याकडून आधीही झाली आहे. आमच्याकडे एक बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू समाजातल्या आजी होत्या. मराठी माझ्याहून चांगली, म्हणून वेगळं काही विचारावं असं सुचलंच नाही. शुक्रवारी रात्री त्यांनी बेल दाबली नाही, कारण शब्बाथला (ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस, शुक्रवारी संध्याकाळी सुरू होतो) विजेचं बटण दाबायचं नसतं. पहाटे स्टीलची वाटी कॉटच्या दांडीवर आपटल्याचा आवाज आला. रात्रभर पाय ठणकत होता. "आजी, आधी सांगायचं ना!" म्हटलं, तर म्हणाल्या, "तू विचारलंस कुठे बाळा?"

तर मदत अशी हवी आहे. भरतीच्या वेळी केसपेपरवर हे विचारायला तुमच्याकडे काय शब्द आहेत? सरळ मराठीत हवेत, घाबरवणारे नकोत. आणि किडनी खराब असेल तर काय करता? रुग्णांच्या घरच्यांनीही लिहा, तुम्हाला कसं सांगितलेलं चाललं असतं?

प्रतिसाद:
ताई, मी इंग्लंडमध्ये फार्मसिस्ट आहे. इथल्या नाईस या संस्थेच्या 2018च्या मार्गदर्शक सूचनांत हेपॅरिन प्राणिजन्य आहे आणि काहींना ते खटकू शकतं, असं स्पष्ट लिहिलंय. माझं एकच सांगणं: नाव किंवा दाढी बघून विचारू नका, सगळ्यांना विचारा. कॅप्सूलचं जिलेटिन बहुधा गाईचं नाहीतर डुकराचं असतं, ते जैन आजोबांनाही नको असेल. क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी किती काम करते याचं माप) फार कमी असेल तर फोंडापॅरिनक्स बाद. तेव्हा बहुतेक वेळा हेपॅरिनच उरतं, तेही डुकराचंच. मग डॉक्टरांनी खुर्ची ओढून बसावं, गुठळी फुफ्फुसात गेली तर काय होतं ते सांगावं. घरच्यांना मौलानांना किंवा रब्बींना फोन करायचा असेल तर तेवढा वेळ द्यावा.

धागाकर्ती:
खूप आभार. सगळ्यांना विचारायचं हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आजच्या नाईटला एक ओळ लिहून काढली: "काही औषधं प्राण्यांपासून बनतात. तुम्हाला चालत नाही असं काही आहे का? दुसरं औषध असेल तर ते देऊ, नसेल तर देण्याआधी तुमच्याशी बोलू." सोमवारी मेट्रनबाईंना दाखवणार आहे. यात कुणाला दुखावणारं काही वाटतंय का, तेवढं रविवारपर्यंत सांगा.