मदत हवी आहे : दालचिनी, तज, तमालपत्र, नाकेश्वर यांत नेमका फरक काय?

घोडबंदर_मसाले
नमस्कार मंडळी. ठाण्यातल्या आमच्या बचत गटाचा मालवणी मसाला आणि चहा मसाला विक्रीला असतो. नव्या पाकिटांवर घटकांची नावं छापायची आहेत आणि तिथंच घोडं अडलंय. वाशीच्या घाऊक बिलावर 'तज' लिहून येतं, जांभळी नाक्याला तसाच दिसणारा माल 'दालचिनी' म्हणून मिळतो, आणि गिऱ्हाइकं विचारतात, "सिलोनची आहे का?" तज आणि दालचिनी एकच का? पूड घेतली तर ओळखायची कशी? आणि तमालपत्र, नाकेश्वर ही त्याच झाडाची का? जाणकारांनी कृपया नीट सांगावं, लेबल एकदा छापलं की बदलता येणार नाही.

सेक्टर१९
ताई, बिलावरच्या शब्दावर जाऊ नका, साल बघा. मसाला मार्केटमध्ये गुजराती-कच्छी व्यापारी बरेच, आणि गुजरातीत दालचिनीलाच तज म्हणतात. त्यामुळे बोलताना दोन्ही शब्द एकाच मालाला लागतात. कायद्यात मात्र ते वेगळे आहेत. एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) मानकांत 'सिनॅमन (दालचिनी)' आणि 'कॅशिया (तज)' अशा दोन स्वतंत्र नोंदी आहेत. अख्ख्या दालचिनीत उडनशील तेल किमान ०.७ टक्के लागतं, तजमध्ये किमान २ टक्के. म्हणजे तज हा हलका माल नव्हे, तिचा वास उलट जास्त तिखट असतो. ती स्वस्त असते आणि दालचिनीच्या नावावर खपते, गोंधळ तेवढाच.

'रोल', 'सिगार', 'तुकडा' ही नावं आकाराची आहेत. त्यावरून जात कळत नाही.

त्वक्_पत्र
झाडांच्या बाजूने सांगतो. ही सगळी सिनॅमोमम या एकाच कुळीतली आहेत.

दालचिनी म्हणजे सिनॅमोमम व्हेरम, जुनं नाव झेलॅनिकम. मूळ श्रीलंकेची, म्हणजे सिलोनची, पण कोकणात आणि केरळातही लावतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण तेज' ही हिचीच जात. कोवळ्या फांदीची बाहेरची खरबरीत साल खरवडून टाकतात आणि आतली पातळ साल सोलून एकात एक घालून वाळवतात. म्हणून कांडी आडवी मोडली की आत कागदाच्या सुरळीसारखे थर दिसतात. रंग फिका तपकिरी, बोटांनी चुरता येते, चव गोडसर आणि मागे लवंगेची झाक. ही झाक युजेनॉल या सुगंधी द्रव्याची.

तज म्हणजे चीनचं सिनॅमोमम कॅशिया. व्हिएतनामचं लॉरेइरॉय आणि इंडोनेशियाचं बर्मानी यांची सालही बाजारात याच गटात मोडते. साल जाड, एकच थर, गडद लालसर, हाताने मोडायला कठीण. चव तिखट, जिभेला किंचित तुरट, आणि लवंगेची झाक जवळपास नाहीच.

नावाचा उलगडाही करून टाकतो, कारण 'चिनी' म्हणजे साखर असं समजणारे पुष्कळ आहेत. शब्द फारसी 'दारचीनी'वरून आलाय. दार म्हणजे लाकूड, चीनी म्हणजे चीनचं. गंमत अशी की श्रीलंकेच्या सालीलाही आपण चीनचंच नाव दिलंय! कबाबचिनी, चोपचिनी, रेवाचिनी यांतलं 'चिनी'ही तसंच, पण त्या वस्तूंचा दालचिनीशी काही संबंध नाही. कबाबचिनी मिरीच्या जातीतलं शेपटीवालं फळ आहे, बाकी दोन मुळं आहेत. यादी वाचून सामान आणणाऱ्याला हे सांगून ठेवा.

घोडबंदर_मसाले
खूप आभार. आमच्याकडची जाड, एकाच थराची आहे, म्हणजे तज. पण चहा मसाल्याला पूडच घेतो. ती कशी तपासायची?

खलबत्ता
पाव चमचा पूड अर्धा कप पाण्यात दोन मिनिटं उकळा, फडक्यातून गाळा आणि पूर्ण गार होऊ द्या. मग टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. तजमध्ये पिष्ट (स्टार्च) भरपूर, त्यामुळे पाणी गडद निळं-काळं होतं. अस्सल सिलोन दालचिनीत रंग फारसा बदलत नाही. पाणी गरम असताना निळा रंग धरत नाही, सगळ्यांचं तिथंच फसतं. आणि पुडीत पीठ मिसळलेलं असलं तरी निळं येणारच, म्हणून शेजारी स्वतः दळलेल्या कांडीचा नमुना ठेवूनच तुलना करा. तपासलेलं पाणी ओतून द्या.

खरं सांगायचं तर पूड विकत घेऊच नका. तज आधी खलबत्त्यात फोडा, नाहीतर मिक्सरचं पातं अडकतं. कोरड्या कढईत मंद आचेवर मिनिट-दोन मिनिटं गरम करा, पूर्ण गार झाल्यावर दळा, बारीक चाळणीने चाळा. गरम असताना दळली तर वाफ धरून गुठळ्या होतात आणि वासही उडतो. सिलोनची पातळ साल भाजू नका, उन्हात तासभर ठेवलीत तरी पुरे.

मालवणी मसाल्याला तजच चांगली. लाल मिरची, धणे, खोबऱ्याच्या वाटणात सिलोनचा वास दबून जातो. चहाला, खिरीला सिलोन. तजच्या जागी सिलोन घालायची झाली तर साधारण दीडपट घ्या.

त्वक्_पत्र
तुमची गिऱ्हाइकं सिलोनचं विचारतात ते बहुधा कूमारिनमुळे. तजमध्ये हे द्रव्य किलोला सरासरी सुमारे ३ ग्रॅम सापडतं, सिलोनमध्ये अगदी नगण्य. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने रोजची मर्यादा वजनाच्या दर किलोमागे ०.१ मिलिग्रॅम ठरवली आहे. ६० किलोच्या माणसाला ६ मिलिग्रॅम, म्हणजे साधारण २ ग्रॅम तज पूड. रोज एवढी वर्षानुवर्षं घेतली तर काही जणांच्या यकृताला त्रास होऊ शकतो.

आता मसाल्याचा हिशोब करा. १ किलो मिरचीला ५० ग्रॅम तज आणि बाकी जिन्नस धरून मसाला पावणेदोन-दोन किलो होतो. ताटात चमचाभर, ३ ग्रॅम मसाला आला तरी तज ०.१ ग्रॅमही नाही. काळजी करायची ती रोज सकाळी चमचाभर पूड मधातून किंवा पाण्यातून घेणाऱ्यांनी. ते सिलोनच वापरोत, आणि यकृताची किंवा रक्त पातळ करण्याची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारोत.

रानपाखरू_ऐरोली
तमालपत्र आणि नाकेश्वर राहिलं. तमालपत्र सिनॅमोमम तमालाचं पान, ईशान्य भारत आणि नेपाळकडून येतं. देठापासून टोकाकडे तीन लांब शिरा जातात. दुकानातलं परदेशी 'बे लीफ' वेगळ्या झाडाचं असतं, त्याला मधे एकच शीर आणि बाजूला फाटे. कोकणात दालचिनीचीच पानं तमालपत्र म्हणून वापरतात. त्यांनाही तीन शिरा असतात, पण चुरगळली की लवंगेचा वास येतो.

नाकेश्वरची गोष्ट जास्त घोटाळ्याची. आयुर्वेदातलं नागकेशर हे मेसुआ फेरियाच्या फुलातले पिवळसर केसर. मसाल्यात घालतो ते काळं, देठासकट लवंगेसारखं दिसणारं नाकेश्वर बहुतेक वेळा सिनॅमोममच्या जातींची वाळलेली कोवळी फळं असतात. मसाल्याला हीच हवीत, चव याचीच लागते. पण दोन्ही 'नागकेशर' म्हणूनच विकतात, भावात फरक मोठा, म्हणून नमुना हातात घेऊनच ऑर्डर द्या.

सेक्टर१९
लेबलवर मालवणी मसाल्याला 'तज (कॅशिया)' छापा. चहा मसाल्यात सिलोन घालणार असाल तरच 'दालचिनी (सिलोन)' लिहा. आणि दर खेपेला पुरवठादाराकडून बिलावर जात लिहून घ्या. नुसतं 'दालचिनी' लिहून दिलं तर पोतं उघडून एक कांडी आडवी मोडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.