डिझेलच्या टाकीत टू-टी ऑइल घालावं का?

सह्यभटक्या
माझी इंडिका जुनी, रोटरी पंपवाली (इंजेक्टरला डिझेल पुरवणारा जुन्या पद्धतीचा पंप). आमचे गॅरेजवाले काका सांगतात, दर टाकीला पावणेदोनशे-दोनशे मिली टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचं ऑइल घाल, १:२०० च्या हिशोबाने. मी घालतो आणि छातीठोकपणे सांगतो की खडखडाट कमी झालाय. कारण साधं आहे. इंडिका आली १९९८ च्या शेवटी. बीएस-३ या प्रदूषण मानकाच्या डिझेलात ३५० पीपीएमपर्यंत (दहा लाखांत ३५० भाग) सल्फर चालायचं, बीएस-४ ला ५० झालं आणि एप्रिल २०२० पासून फक्त १०. डिझेल कोरडं पडलं. रोटरी पंपाला वंगण म्हणून डिझेलच मिळतं, वेगळं ऑइल नसतं. मग त्याने घासून मरायचं का?

रिफायनरीतला अण्णा
अर्धं खरं आहे, म्हणून जास्त पसरतं. सल्फर स्वतः वंगण नाही. ते काढायला डिझेलवर हायड्रोजनची प्रक्रिया करतात, तिच्यात नायट्रोजन-ऑक्सिजनवाले ध्रुवीय (एका टोकाला किंचित विद्युतभार असलेले) रेणूही जातात. धातूला चिकटून बसणारे तेच. स्वीडनने १९९१ मध्ये अतिकमी सल्फरचं डिझेल आणलं तेव्हा पंप खरंच बसले होते. त्यातूनच चाचणी आली: पोलादी गोळी ६० अंश तापलेल्या डिझेलात ७५ मिनिटं चकतीवर घासायची आणि गोळीवरचा व्रण मोजायचा. आपल्या बीएस-६ डिझेलाला व्रण ४६० मायक्रॉनच्या, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडा कमी, आत लागतो. त्यासाठी रिफायनरी वंगणकारक मिसळूनच माल बाहेर सोडते. कोरडं डिझेल तुमच्या पंपापर्यंत येतच नाही.

सह्यभटक्या
अण्णा, तुमच्या गेटपर्यंत सगळं चोख. पुढे टँकर कुठल्या ढाब्यामागे थांबतो ते कोण बघतं? मनमाडजवळ पानेवाडीला २५ जानेवारी २०११ ला अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणेंना भेसळखोरांनी जिवंत जाळलं, हे विसरलात का? रॉकेल मिसळलेल्या डिझेलात तुमचा व्रण किती मायक्रॉनचा येईल?

रिफायनरीतला अण्णा
मोठा येईल, मान्य. पण त्यावर टू-टी हा उतारा नाही. टू-टी म्हणजे बरंचसं बेस ऑइल, थोडं पॉलिआयसोब्यूटिलीन (धूर कमी करणारं चिकट रसायन), पातळ करायला रॉकेलसारखाच द्रावक. म्हणजे रॉकेलावर उपाय म्हणून आणखी थोडं रॉकेल! बोटाला बुळबुळीत लागलं म्हणून धातूवर थर धरेल असं नसतं. दोन टक्के बायोडिझेल मात्र फरक दाखवतं, त्याचे एस्टर ध्रुवीय असतात.

नोझलवाला सांगलीकर
राव, तुमची गोळी-चकती राहू द्या, माझ्या बेंचवर या. रोटरी पंप उघडला की मी आधी कॅम प्लेट (पंपाचा दट्ट्या हलवणारी चकती) आणि रोलर बघतो. वंगणाअभावी घासलेली प्लेट आरशासारखी चकचकीत नसते, तिच्यावर बोटाला लागणारी पायरी पडलेली असते. पण खरं सांगू, माझ्याकडे येणाऱ्या पंपांत पायरीपेक्षा गंज जास्त. टाकी अर्धी रिकामी ठेवायची, पावसाळ्यात आत दव धरतं, फिल्टरखालचा पाण्याचा नळ कधी सोडायचा नाही, आणि मग डिझेलाला शिव्या. दुसरी गोष्ट, जुन्या पंपाचं रबर सील आकसतं. नवीन डिझेलात ॲरोमॅटिक (रबर फुगवणारे घटक) कमी, सील फुगून बसत नाही, पंप गळायला लागतो, हवा ओढतो, सकाळी स्टार्टर फिरवत बसायचं. तिथे टू-टी काय करणार? सील किट टाका.

तरीपण माझ्या स्वतःच्या जुन्या सुमोत मी घालतो. इंजिन मवाळ वाजतं. कॉमन रेलवाल्याने (फार मोठ्या दाबाने डिझेल फवारणारं नवं इंजिन) घालून आणलं तर मात्र दारातून परत पाठवतो.

शंकासुर
सांगलीकर, म्हणजे नक्की काय? फायदा दिसला नाही म्हणता आणि स्वतः घालता?

नोझलवाला सांगलीकर
घासणं थांबलं असं मी कुठं म्हटलं? आवाज मवाळ होतो एवढंच म्हटलं. तोटा नाही आणि कान खूश.

नेकारकाठचा
श्टुटगार्टजवळ राहतो. इकडे जर्मनीत तर हे व्रत आहे, १:२०० चं प्रमाण इथेही तेच. गंमत म्हणजे इथल्या साध्या डिझेलात सात टक्क्यांपर्यंत बायोडिझेल असतं, म्हणजे वंगणाचा प्रश्न आधीच मिटलेला. तरी माणसं बाटल्या घेऊन पंपावर. आपल्याकडे २०१८ च्या जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत पाच टक्क्यांचं लक्ष्य ठेवलंय. ते झालं तर अण्णांचा उतारा आपोआप टाकीत येईल. फक्त बायोडिझेल पाणी धरतं, सांगलीकरांचा धंदा बंद पडणार नाही.

मीनल_नाशिक
माझी बीएस-६ डिझेल, डीपीएफवाली (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेली). वॉशिंग सेंटरवाला म्हणाला, मॅडम, थोडं टू-टी घाला, पिकअप खुलेल. घालू का?

रिफायनरीतला अण्णा
ताई, अजिबात नको. काजळी रीजनरेशनला, म्हणजे फिल्टर तापवून साफ होतो तेव्हा, जळते, राख जळत नाही, ती फिल्टरात कायमची. जॅसो एफडी (टू-टीचं जपानी मानक) दर्जाच्या तेलात पाव टक्क्यापर्यंत राख चालते. ५० लिटरच्या टाकीला २५० मिली तेल धरलं तर एका टाकीला अर्धा ग्रॅमच्या आसपास, शंभर टाक्यांना पन्नासेक ग्रॅम. इंजिन ऑइलची राख वेगळीच जमत असते. आणि वॉरंटीच्या वेळी सर्व्हिस सेंटरवाले टाकीचा नमुना मागू शकतात, तेव्हा वॉशिंग सेंटरवाला फोन उचलणार नाही.

सह्यभटक्या
मग आउटबोर्ड (होडीच्या मागे लावायच्या) इंजिनाचं राखविरहित टू-टी घालावं. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात मच्छीमारांना विचारलं तर मिळेल.

रिफायनरीतला अण्णा
राखेचा मुद्दा सुटला, कॉमन रेलचा नाही. तिथे दाब १६०० बारच्या वर, इंजेक्टरची छिद्रं केसापेक्षा फार रुंद नाहीत. जे तेल त्या कामासाठी बनलंच नाही ते तिथे कशाला जाळायचं?

शंकासुर
भटक्या, तुमचा खडखडाट खरंच कमी झाला का, हे तपासायचं असेल तर एक करा. दुसऱ्या कुणाला तरी तेल घालू द्या, आणि कुठल्या टाकीला घातलं ते तुम्हाला कळता कामा नये.

सह्यभटक्या
चालेल. बायकोला सांगतो. पण ती पैसे वाचवायला कधीच घालणार नाही आणि मी "वा, काय मऊ चाललीय" म्हणत बसेन.

नोझलवाला सांगलीकर
कानावर जाऊच नका. पीयूसीवाल्याकडे दोन्ही टाक्यांना गाडी लावा, ॲक्सिलरेटर दाबून धुराचा आकडा घ्या, त्याला पावती मागा. आणि आधी फिल्टरचं पाणी काढा, नाहीतर आकडा पाण्याचा यायचा.